लाखांदूरच्या बाजारातले चिनी शब्द

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे पोपट सोलणं. पोपट म्हणजे वालाच्या शेंगा, आमच्या भंडाऱ्याकडे हाच शब्द चालतो. माघ सरत आला होता. बायको अंगणात चटईवर बसली होती, मी खाटेवर, मध्ये सूप. तिच्या चार शेंगा होईपर्यंत माझी एक व्हायची, कारण माझ्या एका हातात वही होती.

वहीत चिनी शब्द होते. कोणाला हसायचं असेल तर हसो. मी चौथी शिकलेला, तीन एकर धानाच्या बांध्या कसणारा माणूस. ती तर शाळेची पायरीही चढली नव्हती. तरी तिला चिनी भाषेतले वीस-बावीस शब्द येत होते. आणि पाणी, मीठ, भाकर असले साधे नाहीत. क्रांती, मुक्ती, जमीनदार, अध्यक्ष असले.

"वाचा," ती म्हणाली.

"ज्येफांग."

"माल सरला."

"तो बजारातला अर्थ झाला. खरा सांग."

"खरा म्हंजे, गाठ सोडून मोकळं करनं. दावं सोडून ढोराले मोकळं करते तसं. तिकडं फौज गावात आली तवा म्हने सगळ्याइनं ज्येफांग, ज्येफांग म्हनून ओरडायचं. आमी टोपली रिकामी झाली का म्हनो."

"दीजू?"

"मालगुजार."

"अन बजारातला?"

"गळ्यात सोन्याची साखळी, अन पावभर वांग्यासाठी अर्धा घंटा भाव करते, तो."

"जूशी?"

"मोठी चटई. मोठ्या चटईवर बसनारा. सगळ्याइच्या वरचा, अध्यक्ष." तिने माझ्याकडे पाहिलं. "तुमी खाटेवर बसले म्हनून, नाहीतर तुमीच."

मी हसलो. तिने सूप हलवलं, दाणे एका बाजूला केले आणि म्हणाली, "मंगळवारी तिच्याकडं जाऊ. तुमी बी चला. माफी मांगा."

"पाहू."

"पाहू नाही. दीड वर्स झालं मी तिचं तोंड पायलं नाही, तुमच्या एका तोंडापायी."

खरंच ते माझ्या तोंडापायी झालं होतं. मी पुढचा शब्द वाचला. तिने सूप बाजूला सारलं. जरा आंग टाकते म्हणून आत गेली. दिवस बुडायच्या वेळी मी चहा घेऊन गेलो तर ती गेलेली होती. डॉक्टर आला, त्याने हृदय म्हटलं. झालं.

जिच्याकडे मंगळवारी जायचं होतं ती स्वेटरवाली. तिबेटी बाई. त्या लोकांची वसाहत जंगलाच्या कडेला आहे, तेव्हा ती भंडारा जिल्ह्यातच होती, जिल्हा फुटल्यावर गोंदियात गेली. दिवाळीनंतर त्यांची माणसं स्वेटर घेऊन मोठमोठ्या शहरांत जातात. हिचा नवरा अंथरुणाला खिळलेला होता, म्हणून ही दूर जात नसे, आसपासचे आठवडी बाजार करी. लाखांदूरच्या बाजारात माझी बायको भाजी घेऊन बसायची. एका थंडीत दोघींचे पाल शेजारी पडले आणि मग पंचवीस-तीस थंड्या शेजारीच पडले. नवा तांदूळ निघाला की ही तिच्यासाठी पायलीभर बांधून न्यायची. तिच्याकडून दरवर्षी मला एक स्वेटर यायचा, पैसे न घेता. त्यामुळे गावात माझ्याइतके स्वेटर कोणाकडे नाहीत.

बाजारात बसणाऱ्या माणसाला आपली एक चोरबोली लागते. गिऱ्हाईक समोर उभं असताना शेजारणीला सांगावं लागते की हा घेणारा आहे की नुसता दाबून पाहणारा, की तिकडून पावती फाडणारा येऊन राहिला. बैलबाजारात दलाल लोक रुमालाखाली बोटं दाबून भाव सांगतात, तसंच हे. या दोघींनी आपली बोली चिनी शब्दांची केली. पावती फाडणाऱ्याला गानपू म्हणायच्या. गानपू म्हणजे तिकडचा पक्षाचा कारभारी. भावाची घासाघीस म्हणजे दोउजंग, आणि मोकाट सांड बाजारात घुसला, पाल उडाले, टमाटे मातीत गेले, की दोघी एकदमच ओरडायच्या, "गमिंग! गमिंग!" गमिंग म्हणजे क्रांती.

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. संध्याकाळी सायकल घेऊन तिला आणायला जात होतो तेव्हा कानावर पडायचं, वाटायचं तिबेटी असेल. मोठ्याने कोणी गमिंग म्हटलं तर आसपासचे भाजीवालेही टोपल्या उचलायला लागले होते, इतका तो शब्द बाजारात रुजला. आजही तिथे एखादा म्हातारा कांदेवाला म्हणत असेल. त्याला कोण सांगणार तू काय म्हणून राहिला!

दोघींचे गुडघे गेले आणि बाजार बंद झाला. त्यानंतर एके दिवशी घरात ती तांदळाची कोठी झाडत होती. तळ लागला. म्हणाली, "ज्येफांग झाली."

मी विचारलं, "हे काय भाषा होय?"

"चिनी."

"चिनी? तुले कोठची आली चिनी?"

तेव्हा तिने सांगितलं. मी आडवाच झालो. लहानपणी चीन म्हणजे लढाई, एवढंच आम्हाला माहीत. मास्तर नकाशावर दाखवायचे आणि आम्ही त्या जागेवर बोटाने टिचकी मारायचो. त्या देशाचे शब्द माझ्या घरात पंचवीस वर्षं येऊन राहिले आणि मला खबर नाही! दुसऱ्या दिवशी मी दोनशे पानी वही आणली. तिला म्हटलं, सांग. ती म्हणाली, "माह्यावाले बजारातले हायेत. खरे पायजे तं तिले इचारा."

म्हणून आम्ही एसटीने तिच्याकडे गेलो. दोनदा गेलो. पहिल्यांदा फार चांगलं झालं. तिने खारट चहा दिला, मी प्यायलो, पुन्हा मागितला नाही. माझी वही पाहून ती खूप हसली.

"भाऊजी, हे शब्द लिहून काय करणार? परीक्षा देणार?"

"देतो. कोन घेते?"

मग तिने एकेक सांगितलं. तिबेटात चिन्यांचं राज्य आलं, ती दहा-अकरा वर्षांची असताना शाळेत हे शिकवत. शिकवत म्हणजे ओरडायला लावत. अर्थ मास्तरीण अर्धाच सांगायची. मी अर्ध्यावर थांबणारा नाही. मी विचारलं, गमिंग म्हणजे क्रांती, पण त्याचे दोन तुकडे कोणते? ती विचार करून म्हणाली, 'ग' म्हणजे चामडं. आणि 'मिंग' म्हणजे जीवही होते, नशीबही होते, हुकूमही होते.

"चामडं अन हुकूम? त्याची क्रांती कशी होते?"

"माहीत नाही. एक म्हातारा सांगत होता, चामडं साफ केलं की पहिल्यासारखं राहत नाही, दुसरीच वस्तू होते. तसा वरचा हुकूम बदलायचा."

तिने माझ्या वहीत ते अक्षर काढून दाखवलं. वर दोन शिंगं, मध्ये पोट, खाली शेपूट. ढोल मढवायच्या आधी चामडं ताणून वाळत घालतात, तस्संच दिसत होतं. मी ते अक्षर घरी येऊन खडूने न्हाणीच्या भिंतीवर गिरवलं. बायको म्हणाली, "आता भिंतीले बी शाळेत टाकलं का?"

मला रात्रंदिवस त्याचाच विचार. बांधीवर पाणी धरताना मी मनात म्हणायचो, ढोराचं चामडं काढल्यावर ढोल होतो हे खरं, पण ढोराला कोण विचारते? आणि ज्येफांगचं दावं सोडणारा कोण, ढोर की मालक? दावं ढोराला स्वतःहून सुटत नाही. कोणीतरी दुसराच सोडतो आणि मग तोच हाकतो. हे मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "पानी दुसऱ्या बांधीत चाललं, तिकडं पाहा."

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मी तयारीने गेलो. मला माणसांच्या जातवारीचे शब्द पाहिजे होते. तिकडे जमीन मोजून माणसाला नाव देत. गरीब तो फिननोंग, मधला जोंगनोंग, वरचा फूनोंग, आणि सगळ्यांच्या वर दीजू, म्हणजे आमचा मालगुजार. आमच्याकडचे मालगुजार कायद्याने गेले. एक कागद निघाला आणि ते गेले, त्यांनी बांधलेले तलाव तेवढे राहिले, अजून आम्ही त्यांचंच पाणी धानाला घेतो. तिकडे कसे गेले, हे मला ऐकायचं होतं.

आधी मी माझंच विचारलं. "मी कोन होईन?"

"जमीन किती?"

"तीन एकर."

"बैल?"

"व्हते दोन. आता टॅक्टर सांगतो."

"मग जोंगनोंग." तिने हाताने मध्ये खूण केली. "पण रोवण्याला बाया सांगता ना?"

"सांगा लागते. एका दिवसात बांधी रोवून झाली पायजे."

"मजुरीने?"

"मंग काय फुकट?"

"मग भाऊजी, तुम्ही वर चढले. फूनोंग."

बायको तोंडाला पदर लावून हसायला लागली. "बरं झालं. लग्नात माह्या बापानं इचारलं व्हतं, जावई खाऊन-पिऊन सुखी हाय का? त्याले आता सांगून येते."

स्वेटरवालीही हसली. मग म्हणाली, "हसू नका. माझा बाप तोच होता. चार खेचरं जास्त होती आमच्याकडे."

तिने सांगितलं ते मी आहे तसं लिहितो. तिच्या बापाला फूनोंग ठरवलं. त्याला कागदाची उंच टोपी घातली, गावाच्या मोकळ्या जागेत वाकून उभं केलं आणि गावच्या लोकांना त्याला बोलायला लावलं. बोलायला म्हणजे शिव्या, आरोप. त्याला दोउजंग म्हणत. शाळेची पोरं रांगेत उभी. तिलाही ओरडावं लागलं. माणसावर नाव लागलं की त्याला माओज म्हणत, माओज म्हणजे टोपी. कागदाची टोपी संध्याकाळी काढली, पण ते नाव राहिलं ते राहिलंच.

ऐकून मी गप्प बसायला पाहिजे होतं. कोणीही बसला असता. पण मला आयुष्यभर हीच खोड. मनात आलं की तोंडात आलं. मी म्हटलं, "तुमच्या बापानं काहीतरी केलंच असन ना? उगाच सारं गाव कायले टोपी घालन?"

मला वाईट बोलायचं नव्हतं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं. आमच्याकडेही बिनकारण पंचायत बसत नाही, असं माझ्या डोक्यात होतं.

ती म्हणाली, "चहा थंड झाली," आणि पेले उचलून आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आम्हाला पोचवायला फाटकापर्यंतही आली नाही.

एसटीत बायको माझ्या शेजारी बसलीच नाही. उतरल्यावर म्हणाली, "तुमाले शब्द इचारायचे व्हते ना? बाप कायले इचारला?"

"तिनंच काढली गोष्ट."

"तिनं तीस वर्सांत मले बी काढली नव्हती. पहिल्यांदा काढली, अन तुमी पंच झाले." मग घराशी आल्यावर, "आमी त्या शब्दाइवर वांगे इकले. मले वाटे तिले गंमत वाटते. आता समजलं, ती कायच्यावर हसत व्हती."

त्यावर मी पुष्कळ विचार केला. ज्या शब्दाने बापाला वाकवलं तोच शब्द बाजारात भावासाठी वापरायचा, हे एखाद्याला कसं जमते? एकदा फोनवर बायकोने तिला विचारलं. ती म्हणाली म्हणे, "माझ्या डोक्यात ते भरून ठेवले होते ताई, काढून फेकता येत नव्हते. म्हटलं, निदान कामाला तरी लागू दे." मला हे पटलं. माणूस घरातलं मोडकं अवजारही असंच वापरतो. पण तेव्हापासून दोघींचं फोनवरच राहिलं, तेही चार-दोन वाक्यं. तिने ये म्हटलं नाही, हिने येते म्हटलं नाही. मध्ये मी होतो.

आता ती गेली त्या संध्याकाळचं.

आमच्यात बाई नवऱ्याच्या आधी गेली तर तिच्या अंगावर शेवटचं लुगडं माहेरचं पडते. भाऊ आणतो, भाऊ नसला तर भाचा. तिचं माहेर दिघोरी. भाऊ बिनलेकराचा गेला, भावजय त्याच्या आधी. दिघोरीत आता तिच्या नावाचं कोणी नव्हतं. हे तिला माहीत होतं आणि ती म्हणायची, "माह्यं लुगडं स्वेटरवाली आनन. तिले मी सांगून ठेवलं हाय." मी गमतीत घ्यायचो.

माझा मोठा भाऊ म्हणाला, "लेक-जावई चिखल्याहून सकाळी पोचतीन. नऊ वाजता माती उचलू."

"माहेरचं लुगडं?"

"दुकानातून आनू. वहिनी टाकन. नावापुरतंच असते गा ते."

"नावापुरतं नाही. तिची बहीन आनन."

"कोन बहीन?"

"स्वेटरवाली."

"ते चिनीन?"

"चिनीन नोहे. चिन्याइच्या राज्यातून पळून आली ते. तिबेटी हाय."

वहिनी म्हणाली, "भाऊजी, लोकं काय म्हनतीन? जात ना पात."

"लोकाइनं पंचवीस वर्स तिचे स्वेटर घातले. तवा नाही इचारली जात."

मी पुतण्याच्या मोबाईलवरून फोन लावला. तिने उचलला. मी म्हटलं, "तुमची ताई गेली. सकाळी नऊ वाजता नेनार हाय. लुगडं..." तिकडून काहीच आवाज नाही. मग फोन कटला. दोनदा पुन्हा लावला, लागला नाही.

भाऊ म्हणाला, "पायलं? येनारी असती तं हो म्हनली असती. दुसऱ्याच्या बापाले बोलल्यावर कोन येते?" म्हणजे त्यालाही माहीत होतं. बायकोने वहिनीला सांगितलं असणार.

रात्रीचं काही सांगत नाही.

सकाळी फटफटलं तसा मी उठलो. शेजाऱ्याची धानाची पोती नेणारी लहान गाडी आहे. त्याला म्हटलं, काढ. तो किल्ली घेऊन आला. दारात भाऊ आडवा आला.

"मयत घरात ठेवून नवरा गावाबाहेर जाते कधी?"

"मी गावाबाहेर नाही जात. तिच्या माहेरी जातो."

"अन ते नाही म्हनली तं?"

"तं तसं येऊन सांगीन."

रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होतो. जुळलं काहीच नाही. सुतारालासुद्धा लाकूड पुढ्यात असल्याशिवाय काम करता येत नाही, आणि मी तर बोलण्यातला कारागीर नाही. दीड वर्षापूर्वी जे बोललो ते चुकीचं होतं, एवढंच मला ठाऊक होतं. वहीतले बावीस शब्द पाठ होते, पण त्यातला एकही माफीचा नव्हता.

वसाहतीच्या फाटकाशी गाडी वळली आणि मला ती दिसली. घराच्या पायरीवर बसून होती. पायात बूट, अंगात दोन स्वेटर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी. जवळ काठी. कोण जाणे कधीपासून बसली होती. मला पाहून उठायला लागली, गुडघ्याने उठू दिलं नाही. मी हात दिला.

"फोन कट झाला," ती म्हणाली. "मी बोलत होते, तुम्हाला ऐकू गेलं नाही. मग रेंजच आली नाही. पहिली एसटी आठ वाजता आहे. तीन घरी विचारलं, गाडी कोणाकडेच नाही."

म्हणजे ती येणारच होती. मी उगाच रात्रभर तिला नाही म्हणताना ऐकत होतो.

मी म्हटलं, "त्या दिवशी मी तुमच्या बापाबद्दल..."

"नऊ वाजता ना?" ती म्हणाली. "आता किती झाले?"

"सात."

"मग आधी चला." तिने पिशवी उघडून दाखवली. "रात्री दुकानदाराला घरून उठवलं. त्याच्याकडे नऊवारी नव्हती. सहावारी आहे, हिरवी. चालते ना?"

"चालते," मी म्हटलं.

पुढे एकच जागा होती. तिला धरून तिथे बसवलं आणि पिशवी घेऊन मी मागे रिकाम्या पोत्यांवर बसलो. गाडी निघाली. मध्ये जाळीची खिडकी होती. गाडी डांबरावर लागल्यावर मी त्या जाळीला तोंड लावलं आणि राहिलेलं सगळं ओरडून बोललो. की तिच्या बापाने काही केलं नव्हतं. की मला अक्कल नव्हती. की ताई मंगळवारी यायचं म्हणत होती. इंजिनाच्या आवाजात तिला त्यातलं किती ऐकू गेलं, माहीत नाही. तिने मान वळवली नाही. फक्त एक हात मागे केला आणि खूण केली की वारा आहे, पिशवी नीट धरा.